राजपत्राची प्रत आमच्या गावाला कधी उपलब्ध झाली? पर्यावरण मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
माननीय सचिव,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, भारत सरकार,
इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग मार्ग, नवी दिल्ली.

विषय : पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचे मसुदे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवण्याची पद्धत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी असलेल्या एका गावात मी ३६ वर्षं शाखा डाकपाल होते. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पडवी. एक टेबल, वजनकाटा, तारखेचा शिक्का, शाईची गादी आणि खुंटीला अडकवलेली डाकपिशवी. पत्र पोहोचवण्याइतकंच ते वाचून दाखवणं हेही माझंच काम होतं. मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरीवरच्या दोन ओळी, बँकेची नोटीस, कोर्टाचं समन्स, भूसंपादनाचा कागद, सगळं मी वाचून दाखवलं आहे, आणि कळेल अशा शब्दांत समजावलंही आहे. निवृत्त झाले तरी माणसं कागद घेऊन अजून त्याच पडवीत येतात.

एकच कागद मला वाचून दाखवता आला नाही. तो आपला होता : पश्चिम घाटातला कोणता भाग संवेदनशील धरायचा आणि तिथे कशाला बंदी घालायची, हे सांगणारा राजपत्रातला मसुदा.

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या वाडीतला एक जण तालुक्याच्या ठिकाणाहून छापून आणलेली कागदांची चळत घेऊन आला. पावसानं कडा भिजलेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. तो चिरेखाणीवर चिरे भरायला जातो, घरी थोडी भातशेती आणि काजूची कलमं आहेत. म्हणाला, "काकी, ह्यात आपला गाव हाय काय बघा. आनि गुरं रानात सोडायची नाय म्हनतात, खरं काय ते?" दुकानदारानं त्याला फक्त इंग्रजी भाग छापून दिला होता. मी चष्मा लावून बसले. इंग्रजी स्पेलिंगवरून आमचं गाव शोधायलाच पाऊण तास गेला, कारण शेजारी एकाच नावाची दोन गावं आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक. गाव सापडलं. पण 'गुरं रानात सोडायची की नाही' या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी खात्रीनं देता आलं नाही. तो चळत पिशवीत घालून परत गेला आणि मी रात्रभर अस्वस्थ होते.

पुढे ओळखीच्या एका वकिलांना विचारून, हिंदी भागही मिळवून, मी तो मसुदा अथपासून इतिपर्यंत वाचला. हिंदी भाग देवनागरीत आहे म्हणजे तो आम्हाला कळतो, असा समज असेल तर तो कृपया सोडून द्यावा. 'प्रारूप' म्हणजे मसुदा हे आमच्याकडे सांगावं लागतं. 'आक्षेप' हा शब्द मराठीत कुणावर तरी ठपका ठेवण्यासारखा आहे. आम्ही 'हरकत' म्हणतो. सरकारकडे आक्षेप पाठवा म्हटलं की साधा माणूस घाबरतो, हरकत नोंदवा म्हटलं की पुढे येतो.

आधी एक स्पष्ट करते. मी संरक्षणाच्या विरोधात नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात आमच्या गावामागच्या डोंगराला भेग पडली आणि आम्ही तीन रात्री शाळेत काढल्या. २०१४ चं माळीण, २०२३ ची इर्शाळवाडी ही नावं आमच्याकडे पावसाळ्यात दर वर्षी निघतात. डोंगर पोखरू नका, हे सांगायला मला दिल्लीची गरज नाही. या विषयावरचा हा सहावा मसुदा, त्यावरची तारीख आहे ३१ जुलै २०२४. त्याच्या आदल्याच दिवशी केरळातल्या वायनाडमध्ये डोंगर कोसळला होता. म्हणून तर मला या नियमांची घाई आहे, आणि ते ज्या पद्धतीनं आमच्यापुढे मांडले जातात त्याचं दुःख आहे.

आता तक्रारी सांगते.

सहा मसुदे निघाले. १० मार्च २०१४, ४ सप्टेंबर २०१५, २७ फेब्रुवारी २०१७, ३ ऑक्टोबर २०१८, ६ जुलै २०२२ आणि ३१ जुलै २०२४. सहा राज्यांतलं सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातलं १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्राचं, आमची दोन हजारांहून अधिक गावं. राजपत्रातला हा मजकूर हिंदी आणि इंग्रजीत. राजभाषा अधिनियम १९६३ प्रमाणे या दोन भाषा बंधनकारक आहेत हे मला मान्य आहे. पण त्या कायद्यानं मराठीला मनाई कुठे केली आहे? ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आम्ही पेढे वाटले. तेव्हा सहाव्या मसुद्याला दोन महिने झाले होते. राजपत्राबरोबर त्याचा अधिकृत मराठी मजकूर पाठवला असता, तर त्या दर्जाचा पहिला उपयोग आमच्या पडवीत झाला असता.

मराठी मजकूर नसला की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रिकामी जागा राहत नाही, तिथे अफवा येऊन बसते. मोबाईलवर फिरलं की शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही, रान बंद, जमिनी सरकारजमा. आमच्या ग्रामसभेत एका म्हातारीनं उभं राहून विचारलं, "माझ्या घराचा कोना पडलाय, तो बांधू का नको?" व्यासपीठावरच्या एकालाही उत्तर देता आलं नाही. मी जे वाचलं आणि समजून घेतलं ते असं आहे : नव्या खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा यांना पूर्ण बंदी, चालू असलेल्या खाणी पाच वर्षांत किंवा पट्ट्याची मुदत संपेल तेव्हा, जे आधी होईल तेव्हा, बंद करायच्या. नवे औष्णिक वीजप्रकल्प नाहीत. सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या 'लाल' गटातले नवे उद्योग नाहीत. २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठी नवी बांधकामं नाहीत. राहत्या घराची दुरुस्ती करायला किंवा ते वाढवायला सरसकट बंदी नाही. त्या म्हातारीचं घर सगळं मिळून ४० चौरस मीटर भरेल की नाही शंका आहे. तिला हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं आणि ती त्या रात्री शांत झोपली असती. उलट, चिरेखाणीवर जाणाऱ्या माझ्या शेजाऱ्याला हे कळायला हवं होतं की त्याच्या रोजगाराला मात्र या नियमाचा खरोखर धक्का लागणार आहे, पाच वर्षांत दुसरं काही शोधायला हवं. ज्याला भीतीचं कारण नव्हतं ती घाबरली, आणि ज्याला तयारी करायला हवी होती तो गुरांच्या काळजीत राहिला.

दुसरी तक्रार मुदतीची. पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ मधला नियम ५ हरकतींना ६० दिवस देतो. ते ६० दिवस आमच्याकडे कधी आले ते पाहा. २०१४ चा मसुदा आला तेव्हा शिमगा आठवड्यावर होता आणि लोकसभेची आचारसंहिता लागलेली. २०१५ चा आला तेव्हा गणपतीला तेरा दिवस राहिले होते. २०१७ चा काजूच्या हंगामाच्या तोंडावर, बी गोळा करायला माणूस मिळत नाही तेव्हा. २०१८ चा नेमका भातकापणीत. २०२२ चा ६ जुलैला, म्हणजे लावणी ऐन भरात, सगळं गाव चिखलात. शेतकऱ्याला कामाशिवायचे दोन महिने कधीच नसतात, हे मलाही कळतं. तेवढ्यासाठी मी भांडत नाही. पण २०२४ च्या मसुद्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी १५ ऑगस्टची ग्रामसभा होती. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात हे सरकारला ठाऊक आहे. त्या दिवशी तो मसुदा वाचला जावा अशी व्यवस्था झाली असती तर एका सकाळी दोन हजारांहून अधिक गावांनी तो ऐकला असता. आमच्या सभेत तो विषयपत्रिकेवरही नव्हता. मी तालुक्याच्या एका कार्यालयात जाऊन प्रत मागितली. खिडकीतल्या भल्या मुलीनं कपाटं उघडून दाखवली आणि म्हणाली, आमच्याकडेच आलेली नाही, तुम्हाला मिळाली तर आम्हाला एक झेरॉक्स द्या.

आणि इथे मला माझ्या नोकरीतलं एक तत्त्व आठवतं. रजिस्टर पत्राची पोच घेणाऱ्याच्या सहीनं व्हायची, पाठवणाऱ्याच्या नव्हे. आपल्या मसुद्यांच्या सुरुवातीला एक वाक्य असतं. हरकतींचे साठ दिवस मोजायचे ते या अधिसूचनेच्या राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध होतील त्या तारखेपासून. मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. छापल्या त्या तारखेपासून नव्हे, उपलब्ध होतील त्या तारखेपासून. १ ऑक्टोबर २०१५ पासून भारताच्या राजपत्राची छपाई बंद झाली, ते फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघतं. म्हणजे सहापैकी चार मसुद्यांची छापील सरकारी प्रत आमच्या ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे किंवा वाचनालयात येण्याचा मार्गच उरला नाही. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज हवी तर देवळामागच्या चढावर जावं लागतं. तिथे उभं राहून शेकडो पानांचा कागद उतरवून घ्यायचा, आणि तोही इंग्रजी. मग माझा सरळ प्रश्न आहे, ती प्रत माझ्या गावातल्या जनतेला कोणत्या तारखेला उपलब्ध झाली असं मंत्रालय मानतं?

हा प्रश्न मी नव्यानं काढलेला नाही. १९५१ मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे जयपूर संस्थानचा अफूचा कायदा आला होता. १९२३ मध्ये तिथल्या मंत्र्यांच्या परिषदेनं ठराव करून केलेला, पण कुठेच प्रसिद्ध न केलेला. त्यावरून एका माणसाला ५० रुपये दंड झाला होता. लोकांना कळेल अशा रीतीनं जाहीर न केलेल्या कायद्यानं त्यांना शिक्षा करणं नैसर्गिक न्यायात बसत नाही, असं न्यायालयानं ठरवलं आणि ती शिक्षा रद्द केली. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयानंही पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या, नियमांच्या मसुद्याबद्दल जवळपास हेच म्हटलं. तो मसुदा ऐन टाळेबंदीत, ११ एप्रिल २०२० ला राजपत्रात आला होता. न्यायालयानं हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत भाषांतर करायला सांगितलं. सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. महोदय, भाषांतर न करण्यासाठी जेवढे श्रम लागले, त्याहून कमी श्रमात बावीसही भाषांतरं झाली असती असं मला वाटतं. मी हे रागानं लिहीत नाही. पण त्या दिवशी बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

पश्चिम घाटाच्या बाबतीत कागद लोकांपासून दूर राहण्याची सुरुवात आणखी मागची आहे. पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी नेमलेल्या, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल २०११ च्या ऑगस्टमध्ये सादर झाला. तो २०१२ च्या मे महिन्यात खुला झाला, तोही केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब झाल्यावर. त्या समितीचं म्हणणंच असं होतं की हे क्षेत्र कुठे आणि कसं आखायचं हे ग्रामसभांशी बोलून ठरवा. लोकांशी बोला असं सांगणारा अहवाल लोकांना न्यायालयाच्या दारातून मिळाला. मग त्याच विषयावर शास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांची समिती आली, तिचा अहवाल २०१३ च्या एप्रिलमध्ये, आणि पुढचे मसुदे त्यावर बेतले गेले.

त्या अहवालानं गाव हे एकक धरलं. ज्या गावाचं २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील, ते अख्खं गाव यादीत. आमच्या गावाच्या सात वाड्या आहेत. दोन वाड्या डोंगराच्या पोटात, जिथे खरोखर एक दगडही हलवू नये. पण खालच्या वाड्या नदीकाठी, सपाटीवर. मसुद्यात या सातही वाड्यांचं एकच नाव. गट नंबरनिहाय नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला असता, तर वरच्या वाड्यांतल्या माणसांनीच पुढे येऊन सांगितलं असतं की हा झरा राहिला, ही देवराई रेषेबाहेर गेली, हीसुद्धा आत घ्या. हरकत म्हणजे विरोधच असतो असं कुणी धरून चालू नये.

शेवटची तक्रार मला सगळ्यांत जास्त बोचते. नियम ५ म्हणतो की आलेल्या हरकती विचारात घ्याव्यात. विचार करून काय ठरवलं, कोणती सूचना स्वीकारली, कोणती का नाकारली, हे सांगायचं बंधन त्यात नाही. २०१४ पासून आमच्या गावातून गेलेल्या पत्रांच्या रजिस्टर पावत्या माझ्या पेटीत आहेत, कारण ती मीच शिक्का मारून रवाना केली. मसुद्याची मुदत संपते, तो आपोआप बाद होतो, नवा निघतो, आणि पुन्हा पहिल्यापासून हरकती मागवल्या जातात. पहिल्या मसुद्यांना ५४५ दिवसांची मुदत होती. मार्च २०१४ आणि सप्टेंबर २०१५ यांच्यात ५४३ दिवस आहेत, मी मोजले. या काळात २०१४ ला पत्र लिहिणाऱ्यांपैकी दोघं वारले. पाचवा मसुदा आणि सहावा मसुदा शेजारी ठेवले तर काय बदललं हे सांगणारं साध्या भाषेतलं एक पानही आमच्या हाती आलेलं नाही. राज्यांच्या हरकती ऐकायला २०२२ मध्ये माजी वन महासंचालक संजय कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राज्यांना समिती मिळते, गावाला पोचपावती मिळते.

हे जमत नाही असं नाही. आपल्याच देशात दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, नवा नियम करण्याआधी चर्चापत्र काढतं, आलेली मतं जाहीर करतं, त्या मतांवरची प्रतिमतंही मागवतं आणि नियमाबरोबर कारणं देणारं टिपण जोडतं. २०१६ मध्ये कॉल तुटला की ग्राहकाला एक रुपया भरपाई द्यायचा ट्रायचा नियम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, तेव्हा कंपन्यांच्या हरकतींना नीट उत्तर दिलेलं नाही हेही एक कारण होतं. त्याच निकालात न्यायालयानं संसदेला सुचवलं की नियम करणाऱ्या सगळ्याच यंत्रणांसाठी असा कायदा करावा. एका रुपयाच्या नियमासाठी मोबाईल कंपन्यांना उत्तर मागण्याचा हक्क आहे, तर १७ हजार चौरस किलोमीटर डोंगरावर राहणाऱ्यांनाही तो असायला हवा. ५ फेब्रुवारी २०१४ ला, पहिल्या मसुद्याच्या जेमतेम महिनाभर आधी, केंद्र सरकारनं कायद्यांच्या मसुद्यांबाबतचं धोरण कळवलं. त्यात सोप्या भाषेतलं टिपण आणि आलेल्या मतांचा जाहीर गोषवारा, दोन्ही आहेत. मी सरकारचंच म्हणणं सरकारला परत सांगते आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. पश्चिम घाटाचा यापुढचा कोणताही मसुदा किंवा अंतिम अधिसूचना निघेल तेव्हा तिचा अधिकृत मराठी मजकूर त्याच दिवशी निघावा. गोव्यासाठी कोकणी आणि मराठी, कर्नाटकासाठी कन्नड, केरळसाठी मल्याळम, गुजरातसाठी गुजराती, तमिळनाडूसाठी तमिळ.

२. यादीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला छापील प्रत पोचपावतीच्या टपालानं पाठवावी आणि ६० दिवस त्या पोचपावतीच्या तारखेपासून मोजावेत. त्या मुदतीत किमान एक ग्रामसभा यायलाच हवी, आणि त्या सभेत मसुदा वाचून दाखवल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

३. मसुद्याबरोबर चार पानांचं साधं टिपण हवं. काय बंद होणार, काय चालू राहणार, कुणाचा रोजगार जाणार आणि त्यांच्यासाठी काय व्यवस्था आहे. घर, शेती, गुरं, विहीर, रस्ता यांबद्दल प्रत्येकी एक तरी वाक्य.

४. गट नंबरनिहाय नकाशा ग्रामपंचायतीत लावावा.

५. सहाही मसुद्यांवर आलेल्या हरकतींचा मुद्देनिहाय जबाब एकत्र प्रसिद्ध करावा. नाव घालू नका, पण मुद्दा, निर्णय आणि कारण तिन्ही द्या. तोवर सातवा मसुदा काढू नये, आणि हा जबाब देण्यासाठी मुदत घालून घ्यावी, नाहीतर संरक्षण आणखी दहा वर्षं लांबेल. ते आमच्या डोंगराला परवडणार नाही.

६. पर्यावरण (संरक्षण) नियमांमधल्या नियम ५ मध्येच दुरुस्ती करून भाषेचं आणि जबाबाचं बंधन घालावं, म्हणजे हे आमच्यापुरतं राहणार नाही.

महाराष्ट्र शासनाच्या पर्यावरण विभागालाही याची प्रत पाठवते आहे. केंद्राकडून मराठी मजकूर येईपर्यंत राज्यानं तो करू नये असं कुठल्याही कायद्यात नाही. राज्याची राजभाषा मराठी आहे.

त्या शेजाऱ्याची भिजलेली चळत मी नंतर मागून घेतली. पानं सोडवून, उन्हात वाळवून, समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून ठेवला आहे. तो माझा अर्थ आहे, त्याला सरकारी मान्यता नाही, म्हणून तो मी ग्रामसभेत वाचत नाही. अधिकृत मराठी प्रत आली की त्याच आठवड्यात सातही वाड्यांत फिरून ती मी वाचून दाखवीन. टपालाचा पत्ता ग्रामपंचायतीचा टाकावा, मी उतरवून घेईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शाखा डाकपाल,
जिल्हा रत्नागिरी